रुक्मिणी लीडर होती तेव्हा

"अजून एकदा. सगळ्यांनी हात जोडा," व्हिडिओवाला म्हणाला. पानांवरचं सांबार निवत चाललं होतं. तेवढ्यात रुक्मिणी उठली आणि पाहुण्यांना तमिळमध्ये म्हणाली, "सार, आधी जेवू. तुम्हीही आमच्याबरोबर बसा. फोटो मागाहून."

पाहुणे म्हणजे तंजावुरातल्या टीव्हीच्या नव्या शोरूमचे मालक. मुलाच्या वाढदिवसाचं जेवण घालायला आले होते. आमच्या कामाच्या शेडला नवं छप्पर देतो, असंही त्यांनी कबूल केलं होतं. ते जेवले नाहीत. छपराचं बघू म्हणाले आणि गेले.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तंजावुरातल्या एका शेल्टर्ड वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होते. ज्यांना बाहेर कुणी कामावर घेत नाही, त्यांच्यासाठी चालवलेला हा छोटा कारखाना. आमच्याकडचे सगळे मतिमंद. तेव्हा हाच शब्द होता. लग्नात नारळ-विडा घालून देतात त्या कापडी पिशव्या आम्ही शिवत असू.

मद्रासच्या एका ट्रेनिंगमध्ये मी 'सेल्फ-ॲडव्होकेट' हा शब्द ऐकून आले. आपली बाजू आपणच मांडणारा माणूस. परत आल्यावर लीडरची निवडणूक घेतली. जो हवा त्याच्या पुढच्या टंबलरात, म्हणजे पेल्यात, एक सुपारी टाकायची. रुक्मिणीचा टंबलर भरला. तिशीची, डाउन सिंड्रोम असलेली, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातली मुलगी. दर शुक्रवारी ती मीटिंग चालवायची आणि मध्ये बोलणाऱ्याला, माझ्यासकट, दटावायची. जेवण गार होतं, लोक उभे राहून आपल्याला बघतात, हे नको, असा ठराव तिने मांडला. सगळ्यांनी हात वर केले. मी तो संस्थेच्या सेक्रेटरींना कळवला. "बरं, बरं," म्हणून ते हसले. पाहुण्यांना मात्र काही बोलले नाहीत.

त्या जेवणानंतरच्या सोमवारी संस्थेच्या कमिटीने मला बोलावलं.

"टीचर, छप्पर गेलं," सेक्रेटरी म्हणाले.

"सार, ती उद्धट बोलली नाही. ठराव झाला होता. तुम्हांला सांगितलाही होता."

"लीडर वगैरे खेळ म्हणून ठीक आहे हो."

"मग निवडणूक कशाला घेऊ दिली?"

"व्हिजिटर्सना दाखवायला बरं असतं."

मी पुष्कळ भांडले. पण स्टाफला कमिटीत मत नव्हतं. लीडरचं पद रद्द झालं आणि ते रुक्मिणीला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"मी चूक बोलले की, टीचर?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मज कशास काढले?"

मी छपराचं सांगितलं. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"छप्पर आम्हांस पण पाहिजे की. मज विचारायचं होतं."

मला रडू आलं. तिला काही ते दिसू दिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सगळे जमले आणि सवयीने तिच्याकडे बघू लागले. तिने मान वर न करता पिशवीला नाडी ओवली. हळूहळू शुक्रवारची मीटिंग बंद पडली.

वर्षभराने मद्रासच्या एका संस्थेच्या बाई आल्या. त्यांच्या राज्य कमिटीवर अपंग सदस्य हवे होते. आईवडील नकोत, स्वतः बोलणारे हवेत. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेने रुक्मिणीला पुढे केलं.

"या वर्कशॉपमध्ये तुला काय बदलावंसं वाटतं?" बाईंनी विचारलं.

तिने आधी सेक्रेटरींकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळं चांगलं आहे, मॅडम."

"काहीच नको?"

"काहीच नको."

बाईंनी तिरुचीचा एक तरुण निवडला. त्या दिवशी बाई गेल्यावर सेक्रेटरी खूश होऊन मला म्हणाले, "पाहिलंत? किती नीट बोलली."

त्या कमिटीवर रुक्मिणी शोभली असती, याची हळहळ मला अजून आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते इतकंच: बोलायला शिकवायला ट्रेनिंग लागतं. गप्प करायला कमिटीची एक मीटिंग पुरते.