हात वर, खांदा खाली

रंगाऱ्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि शिडीवरून पडून उजवा खांदा दुखावल्यापासून तर तो तिथून हलायलाच तयार नव्हता. उभा जन्म छतं रंगवण्यात गेलेला माणूस. आता मुकादमाने त्याला जिन्याचे कठडे रंगवायला बसवलं होतं. हात डोक्यावर गेला नाही, तर पुढेही कठडेच. नुसत्या विचाराने त्याचं टाळकं सटकायचं.

"खांदा खाली ठेवून हात वर करा," दवाखान्यात व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली.

"खाली की वर? एक काय ते ठरवा!" तो खेकसला.

"अहो, जोर लावा ना!" कोपऱ्यातून बायको ओरडली.

त्याने जोर लावला. खांदा थेट कानाला भिडला, हात छातीपाशीच अडला आणि कळ मस्तकात गेली. त्याच्या अंगावर चिकटवलेल्या तारा एका पडद्याला जोडल्या होत्या. तिथे मानेजवळच्या स्नायूची रेघ उसळली होती आणि पाठीतल्या स्नायूची आडवी पडली होती.

"जोर म्हटलं की तुमची मानच सगळं काम करायला धावते," मुलगी म्हणाली.

"ऐकलंस? तू आधी बाहेर हो!" चार माणसांदेखत तो बायकोवर गरजला. ती उठून बाहेर गेली.

मुलीने सूर बदलला. हळू आवाजात म्हणाली, "काका, समजा हातात रोलर आहे, रंगाने भरलेला. भिंतीवरून सावकाश न्या. थेंब पडू देऊ नका."

हात कपाळाच्या वर गेला. पाठीची रेघही उठली.

घरी भिंतीसमोर उभं राहून त्याने तेच वाक्य स्वतःला ऐकवलं, तर खांदा पुन्हा कानाशी. शिवी हासडावी तसं म्हटलं होतं, दुसरं काय होणार! त्याने भिंतीवर डावी मूठ आपटली आणि बायकोला हाक मारली.

"तू म्हण. त्या पोरीसारखं, हळू."

"म्हणेन की," बायको दारातूनच म्हणाली. "आधी तुम्ही माझ्याशी एक वाक्य तसं बोला. तुमचं खेकसणं ऐकून माझेही खांदे कधीचे कानाशी आलेत."

रंगाऱ्याने तावातावाने तोंड उघडलं. मग मिटलं. तिच्याशी हळू कसं बोलायचं, हे त्याला खरोखरच आठवेना.