क्रीम चाकांवरची हळद

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसऱ्याचा दुसरा दिवस. काम : मोटारसायकलच्या रंगवलेल्या चाकांवरची हळद काढणे.

चाकं आमची नव्हती. मोडनिंबच्या एका खतविक्रेत्याची होती. माझी मुलगी जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे सुटे भाग रंगवते. नात्याबाहेरचं हे तिचं पहिलंच काम. रविवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार होतं, आणि चाकं पसंत पडली तर भावाच्या दोन गाड्या पाठवतो असं सांगून गेलं होतं. क्रीम रंग मारून झाला होता. त्यावरचा क्लिअर, म्हणजे रंगाला जपणारा पारदर्शक थर, तेवढा बाकी होता. डबा संपला आणि दसऱ्याला दुकान बंद. म्हणून चाकं व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेली.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कात्री, शिलाई मशीन, स्कूटर, कुलूपसुद्धा. पूजा सासूबाई करतात. त्या अक्कलकोटकडच्या, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. आम्ही सोनं वाटायला बाहेर पडलो, तेव्हा अव्वांनी हळद पाण्यात कालवली आणि दोन्ही चाकांच्या पाचही दांड्यांवर बोटं ओढली. सकाळी मुलगी क्लिअरचा नवा डबा घेऊन आली आणि चाकांपाशी मटकन बसली.

“अव्वा, ही लोकांची चाकं आहेत!”

“मग? दारात हाईत न्हवं? विळीला लावलं, कुलपाला लावलं, चाकांनी काय घोडं मारलंय?”

“निदान विभूती लावायची,” मी म्हणाले. “क्रीमवर दिसली तरी नसती.”

“ती बी लावलीय की. दिसंना व्हय तुला?”

वाकून पाहिलं. खरंच लावली होती. फडकं मारल्यावर विभूती गेली, कुंकूही कोरडं असल्यानं उडालं. हळद राहिली. रंग दोन दिवसांचा, वर क्लिअर नाही. हळद त्यात मुरली होती. थिनर लावला तर हळदीबरोबर रंगही जाणार. पॉलिश पेपरनं घासलं तर खालचा प्रायमर दिसणार. तशीच ठेवून वर क्लिअर मारला तर पिवळी बोटं कायमची आत बंद. पुन्हा रंगवायचं तर तो क्रीम रंग दुकानातून खास बनवून आणलेला, आणि तो संपलेला.

मुलीनं वैतागून कपड्यांची पावडर पाण्यात कालवली आणि फडक्यानं एक दांडा पुसला. पिवळी बोटं लालभडक झाली.

“आई! कुंकू झालं याचं!”

मला मात्र गंमत वाटली. हळदीच्या साडीवर साबण लावला की डाग लाल होतो, हे मी तीस वर्षं पाहते आहे. रंगावरही तेच होईल असं वाटलं नव्हतं. पूजेतल्या लिंबाचे दोन थेंब टाकून पाहिले. लाल पुन्हा पिवळं झालं. मी आणखी एका दांड्यावर साबण लावला, मग लिंबू. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

“झालं का तुझं खेळून?”

साडीवरचा हळदीचा डाग मी कधी घासत नाही. साडी ओली करते आणि उन्हात टाकते. संध्याकाळपर्यंत डाग जातो. ऊन त्याला नेमकं काय करतं, मला माहीत नाही, पण करतं. तेव्हा दोन्ही चाकं साध्या पाण्यानं धुतली, लगेच कोरडी केली. आमचं बोअरचं पाणी आपोआप वाळू दिलं तर पांढरे ठिपके पडतात आणि ते हळदीपेक्षा चिवट. मग चाकं गच्चीवर नेऊन चादरीवर आडवी ठेवली.

तिथं मला शंका आली. उन्हानं हळदीबरोबर क्रीमही उडालं तर कळणार कसं? म्हणून एका चाकाच्या एका दांड्यावर जाड पुठ्ठा बांधला. तुलनेला काहीतरी हवं. मुलीला सांगितलं नाही.

दर तासाला वर जाऊन बघत होते. बारा वाजता बोटांच्या कडा विरल्या. दोनला चाकं उलटी केली. चारला अव्वा जिना चढून आल्या.

“लावलेलं पुसाय ऊन दाखवतीस व्हय? लई शानी झालीस.”

“तुमचंच काम निस्तरतीय, अव्वा.”

“माझं काम पूजेचं. ते झालं कालच.”

साडेपाचला नऊ दांडे स्वच्छ होते. पुठ्ठा सोडला. खालचा क्रीम रंग बाकीच्यांसारखाच होता, तसूभरही फरक नाही. आणि त्यावर तीन पिवळी बोटं, जशीच्या तशी. ऊन संपलेलं.

मुलगी वर आली ती क्लिअर मारायच्या तयारीनंच.

“हे काय?”

मी पुठ्ठा दाखवला.

“प्रयोग करायला माझंच चाक सापडलं? क्लिअर वाळायला पूर्ण दिवस लागतो. उद्या बाराच्या आत मारला नाही, तर रविवारी त्यांच्या हातात ओलं चाक द्यायचं?”

ती बरोबर बोलत होती. रंग टिकतो हे मला कळलं होतं, पण त्याची किंमत तिच्या वेळेतून गेली होती. “अकरापर्यंत देते,” एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी सातला गच्चीवर गेले. शेजारच्या टाकीच्या सावलीनं अर्धी गच्ची झाकली होती. चाक कठड्यावर उभं धरलं, तो दांडा उन्हासमोर. ऊन सरकेल तसं चाक फिरवत राहिले. मधे हातावर मुंग्या आल्या तेव्हा मांडीचा टेकू दिला. साडेदहाला मुलगी आली. तिनं बोट ओलं करून दांड्यावर फिरवलं, बोट पाहिलं, दांडा तिरका करून पाहिला.

“आण खाली,” म्हणाली.

पार्किंगच्या फरशीवर मी आधी पाणी मारलं, म्हणजे धूळ उडणार नाही. मग रस्त्याच्या बाजूनं जुनी चादर दोन्ही हातांनी ताणून उभी राहिले आणि तिनं क्लिअरचा पहिला हात मारला.