पहारेकऱ्याचा वाटा

साठच्या दशकात आम्ही मित्रांनी मालवणच्या किनाऱ्यावर सेन्सॉरला चुकवून, चोरून एक सिनेमा केला. माणसांना गुलाम करणाऱ्या राज्याची गोष्ट, एका कादंबरीवर सैलसर बेतलेली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढणारे मच्छीमार आमचे गुलाम, मी चाबूकवाला पहारेकरी. त्यांतला एक म्हातारा, मान खाली घाल म्हटलं की हसायचा.

जाळं जड झालं तेव्हा न राहवून मीही दोरी ओढली. मासे वाटताना म्हाताऱ्याने कॅमेऱ्यासमोरच माझ्या पायाशी चार बांगडे ठेवले.

"दोरयेक हात लावलंस मां? मगे हो तुझो वाटो."

शॉट बिघडवला म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. तो ओशाळून निघून गेला.

फिल्मचा तेवढा तुकडा मी कापला. बंद खोलीत सिनेमा पाहून लोक कौतुकाने म्हणाले, "यात आशा कुठेच नाही."

होती. मीच कापली.