ओल्या बोटानं फाडलेलं बंदर

आता बोंगनिमची फाडचित्रं, म्हणजे रंगीत कागद फाडून, चिकटवून केलेली चित्रं, बघायला राजधानीतून, सोलहून माणसं येतात, कागदाला नाक लावून बघतात आणि कला-कला करतात. करोत बापडे. आम्हा गावकऱ्यांना विचाराल, तर ही बाई सगळं चोरून बघण्यातून शिकली.

आमच्याकडे लग्नाच्या रात्री नवरानवरीच्या खोलीत डोकावायचं, ही रीतच. दाराला कागद असतो. बोट थुंकीनं ओलं करून टेकवलं की भोक तयार. इतर बायकांच्या बोटाखाली कागद टर्रकन वाजायचा, बोंगनिमच्या बोटाखाली हूं नाही की चूं नाही. त्यामुळे लग्न कुणाचंही असो, पहिला मान तिचा.

ओकसिमकाकूंच्या लेकीच्या, युनजाच्या लग्नातही तेच. काकू विधवा, कागदाचा कारखाना एकटीनं चालवायच्या. मुलगा नाही, म्हणून वांदो बेटावरचा सुचोल घरजावई आणलेला. भोक पाडलं बोंगनिमनं, पण मागून साऱ्याजणी अशा रेटल्या की दाराचा कागद वरपासून खालपर्यंत फाटला.

सकाळी काकूंनी बोंगनिमलाच धरलं. ती त्यांच्याच कारखान्यात झाडाच्या साली धुवायची, आणि तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"जावयाचा थोरला भाऊ दुपारी जेवायला येतोय. तोवर दार नीट झालं नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस. आधीच पोरगा घुमा निघालाय. कालपासून तोंडातून शब्द नाही, तोंडात घास नाही. हे असलं दार बघून भाऊ त्याला परतच घेऊन जायचा."

"पण काकू, ढकललं तर तुमच्या बहिणीनं."

"आणि भोक कुणाचं?"

आठवडाभर पावसाळी हवा, पांढरा एकही ताव वाळलेला नव्हता. कोरडे होते ते रंगखोलीबाहेर, जिथं कागद रंगवतात तिथं, फेकलेले तुकडे. अनंताच्या फळांनी पिवळे झालेले, निळीतले, अक्रोडाच्या सालींचे तपकिरी. साली धुणाऱ्या बाईला रंगखोलीत पाय ठेवायची मुभा नव्हती, पण कचऱ्याला कोण अडवतंय? कात्री चालवली तर ठिगळ दिसलं असतं. म्हणून ओल्या बोटानं रेघ ओढायची, दोन्हीकडून हलकेच ताणायचं, की कडेला तंतूंची लव सुटते. खळ लावून एकावर एक बसवलं की सांधा शोधून सापडत नाही. सांधे लपले खरे, पण दार देवळासारखं रंगीत होत चाललं.

काकू आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "हे माझं घर आहे की भगतिणीचं? काढ ते सगळं. आणि तूही नीघ."

डोळे भरलेले, तरी बोंगनिमनं नखानं एक कड उचलली. दारावर ऊन आलं होतं, आतल्या बाजूनं सगळे रंग उजळले होते.

"आई, काढू नका," आतून पुरुषी आवाज आला.

काकू जागच्या जागी थिजल्या.

"फक्त तो निळा खाली घ्यायला सांगा. समुद्र डोंगराच्या वर कुठं असतो?"

आत युनजा फिस्सकन हसली. काकूंनी घागऱ्याच्या काठानं डोळे पुसले. "बोलतो गं पोर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बोंगनिमवर खेकसल्या, "कानात बोळे घातलेस का? जावईबापू काय सांगतायत ते कर."

मग आतून तो सांगत राहिला आणि बाहेरून ती फाडत, चिकटवत राहिली. टेकडी जरा उजवीकडे. खोल पाण्यावर आणखी एक निळा. मध्येच त्यानं भात मागितला, आणि काकू स्वतः धावत स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी भाऊ आला. खोलीत मांडी घालून बसला आणि उजळलेल्या दाराकडे बघतच राहिला. "हे आमचं बंदर कुणी केलं?"

काकूंनी किमचीची वाटी त्याच्यापुढं सरकवली. "आमची बोंगनिम आहे ना, तिनं. रंगखोलीत असते."

आपण रंगखोलीत असतो, हे बोंगनिमलाही तेव्हाच कळलं.