कल्ल्यांचा लाल रंग

टीव्ही आईसाठी आणला, असं मी सगळ्यांना सांगत होते. पंचावन्न इंची, फोर-के, कांजूरमार्गच्या आमच्या हॉलच्या मानाने जरा जास्तच मोठा. खरं सांगायचं तर आईने घरी बसावं म्हणून आणला होता.

आई चाळीस वर्षं घाटकोपरच्या बाजारात मासळी विकत होती. ओट्यावर मांडी घालून बसायची, पुढ्यात लाकडी ठोकळा आणि हातात कोयता. आठ महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता मांडी विसरा. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होती. बाजारातल्या बायकांचा निरोप आला होता, जागा ठेवायची की सोडायची ते दिवाळीच्या आत सांग. मी रोज म्हणत होते, सोड गं बाई एकदाची. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

तिने सोडावी असं मला का वाटत होतं, तेही सांगून टाकते. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर मी त्या बाजारावरून जात होते. आईने ओट्यावरून हाक मारली. मी मान वळवली नाही. एकीने विचारलं, "तुला बोलावतायत का गं त्या?" मी म्हटलं, "छे, दुसऱ्या कुणाला तरी असेल." आईने ते ऐकलं. संध्याकाळी घरी आल्यावर तिने मला आवडतात म्हणून बोंबील तळले आणि वाढले. पण त्यानंतर तिने मला चारचौघांत कधी हाक मारली नाही. पुढे नोकरी लागली, तेव्हाही रस्त्यात ऑफिसचं कुणी भेटलं की ती आपण होऊन दोन पावलं मागे थांबायची. मी तिला कधी पुढे ओढलं नाही. बाजारच सुटला तर हे सगळंही आपोआप सुटेल, असा माझा हिशोब होता.

तर टीव्ही. दुकानाचा माणूस आला, भिंतीवर टांगून गेला. चित्र बघून माझे डोळेच दिपले. काय ते रंग! आईला म्हटलं, "झकास ना?" कुठल्यातरी स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एक बाई पापलेट साफ करत होती. आई पाहत राहिली आणि म्हणाली, "शिला हाय."

"आई, टीव्हीवरचा मासा शिळा कसा असेल?"

"कल्ल्याला रंग लावलाय त्याच्या. सगलीकडं सारकाच लाल हाय, बग. खरा कल्ला असा नसतो. बंद कर, मना नाय बगायचा."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या हौसेने आणलेला टीव्ही आणि ही म्हणते शिळा! मी तापट, आईवर गेलेली. रिमोट सोफ्यावर आपटला आणि आत निघून गेले.

पण मनातून गेलं नाही. दोन दिवस ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्या टीव्हीबद्दलच वाचत होते, तेव्हा कळलं की आई बरोबर होती. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून हे टीव्ही मुद्दाम भडक करून ठेवतात. घरात ते बदलावं लागतं. भडक मोड काढून सिनेमाचा मोड लावायचा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणायचा, नाहीतर प्रत्येक वस्तूच्या कडेला पांढरी रेघ येते. हालचाल गुळगुळीत करणारं ते एक बटण बंद करायचं, त्याने सगळी माणसं तेल लावल्यासारखी सरकतात. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र आपोआप मंद करणारं तेही बंद. आणि मुळात येणारं चित्रच हलक्या दर्जाचं असेल तर टीव्ही बिचारा काय करणार?

मी सगळं केलं. सिनेमाचा मोड लावल्यावर चित्र मला पिवळट वाटायला लागलं. आईला विचारलं, तर म्हणाली, "आता बरा हाय. पन तो मासा मी हातात घेतलेला नाय, मना काय कलनार? वलखीचा मासा दाखव."

ओळखीचा मासा! मला हसूही आलं आणि चीडही. पण रविवारी सकाळी मी उठले आणि घाटकोपरच्या बाजारात गेले. किती वर्षांनी गेले, ते सांगायलाही लाज वाटते.

आईच्या शेजारी एक मावशी बसतात. दोघींनी तीस वर्षं एकमेकींच्या पाट्या राखल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी म्हटलं, "मावशी, एक बांगडा हातात धरा, कल्ला उघडून. शूटिंग करायचंय, आईला दाखवायला." मावशी लाजल्या, पदर सारखा केला आणि बांगडा असा धरला की जणू बाळाचं बारसं आहे. फोनमध्ये होतं त्यातलं सगळ्यात स्पष्ट शूटिंग मी लावलं. कल्ला, डोळा, हिरवट-निळी पाठ, पोटाची चांदी, सगळं निवांत घेतलं. मग मावशी बोलायला लागल्या.

"आईला सांग, तिची जागा कुनाला बसायला दिली नाय. माल घ्यायला धक्क्यावर बोटींपाशी यायची गरज नाय तिला, तो मी आनीन टेंपोतून. उंच स्टूल ठेवू ओट्याला लावून. तू फक्त ये म्हन."

मी शूटिंग थांबवलं. "सांगते," म्हटलं, त्याच मासळीतले तीन बांगडे घेतले आणि घरी आले. शेवटचं बोलणं कापून टाकलं आणि आईला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवलं की चित्राची वाट लागते, हे मला वाचून माहीत झालं होतं. म्हणून ते शूटिंग पेनड्राइव्हवर घातलं आणि टीव्हीला लावलं. खिडकीचा पडदा ओढला. एक बांगडा स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि आईच्या मांडीवर दिला. आईने त्याचा कल्ला अंगठ्याने उघडला, ताटली टीव्हीच्या रेषेत धरली आणि म्हणाली, "हां. कर सुरू."

मग एक तास आमची नुसती मजा चालली होती. मी रिमोट घेऊन, ती बांगडा घेऊन.

"लाल कमी कर. अजून. अगो एवढा नको, मेला की तो!"

"आता?"

"पाठीला हिरवा कमी पडतो. हां. डोले बग, डोले काले पायजेत, राखाडी नाय."

आठ महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. हुकूम सोडत होती, मला वेंधळी म्हणत होती, मध्येच बांगडा नाकाशी नेऊन खात्री करून घेत होती. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. टीव्हीचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

शेवटी ताटलीतला आणि टीव्हीतला कल्ला सारखा दिसायला लागला. एकच राहिलं होतं. मावशींच्या मागचा कोपरा नुसता काळा ठिक्कर दिसत होता. ब्राइटनेस इतका खाली असू नये, सावलीतलंही थोडं दिसलं पाहिजे, असं वाचलं होतं. मी एक एक आकडा वाढवत गेले. कोपरा हळूहळू उघडला. आधी भिंत दिसली, मग ओट्याची कड, मग एक ठोकळा.

आई पुढे वाकली. "थांबव."

मी थांबवलं. तिने ताटली बाजूला ठेवली, खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि टीव्हीजवळ गेली.

"माजा ठोकला हाय ह्यो."

"असेल."

"वला हाय." ती बोट न लावता दाखवत होती. "आठ मयने मी नाय. सुका पायजे होता, फुटला पायजे होता. ह्यो वला हाय. कोन धुतो रोज?"

मी रिमोट खाली ठेवला.

"ती काय बोलली का तुला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा असा काही होता की माझ्याने होईना. मी सगळं सांगितलं, मावशींचा निरोप, टेंपो, स्टूल, आणि मी कापून टाकलं तेही. म्हटलं, "आई, मला तू तिथे नको होतीस. तुझ्या गुडघ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी." आणि रडायलाच लागले, पंचेचाळिशीची बाई.

 आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला बांगड्याचा वास येत होता. मग म्हणाली, "स्टूल प्लास्टिकचा घे. लाकडी कुजतो."

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन गेले. रिक्षातून उतरल्यावर बायकांनी जो गलका केला तो अख्ख्या घाटकोपरला ऐकू गेला असेल. मावशींनी ठोकळा पुढे ओढला, आई स्टुलावर बसली आणि पहिलाच बांगडा असा कापला की मधले आठ महिने कुठे गेले कळलं नाही. मी शेजारी उभी होते, पिशव्या धरून. ऑफिसचे कपडे नव्हते, पण वास लागला होताच. लागू दे म्हटलं.

आईचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या एक बाई आल्या, आईला म्हणाल्या, "मावशी, किती दिवसांनी! आणि ही कोण, मदतीला ठेवलीत का?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच डोळे मासळीवर नेले. "हां," ती म्हणाली. "हाय अशीच. वलखीची."

अजूनही ती मला वाचवत होती.

"मुलगी आहे मी तिची," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण पलीकडच्या बायकांनीही वळून पाहिलं. आईचा कोयता थांबला. ती तशीच खाली बघत राहिली, मग पदराने नाक पुसलं आणि दोन बांगडे उचलून उगाच जागेवरून हलवले. मी पिशव्या नीट लावायला मागे वळले होते, तेवढ्यात तिने हाक मारली, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी.

"पोरी! अगो पोरी! इकडं ये, बाईंना कल्ला उघडून दाखव."

मी मान वळवली आणि गेले.