मुठीतला पाला

शाहूपुरीतल्या एका अंगणात एक माणूस काविळीवर झाडपाल्याचं औषध देतो. पाला त्याच्याच परसातला. पण पान ओळखू येऊ नये म्हणून तो पाठ फिरवून चुरगळतो. रस थेट रुग्णाच्या तोंडात पिळतो, चोथाही मुठीतच ठेवतो.

बहिणीचे डोळे पिवळे झाले होते. तिच्या हट्टामुळे आम्ही रांगेत उभे होतो. आमची पाळी आली तेव्हा मी पाल्याचं नाव विचारलं.

"नाव सांगितलं की गुण जातोय, पावणं."

"आणि बाधलं, तर डॉक्टरला काय सांगू?"

त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. मूठ उघडली नाही.

"इस्वास नसंल तर बाजूला व्हा की. मागं माणसं हायती."

मी बहिणीला घेऊन रांगेतून बाहेर पडलो. मागच्या बाईने कडेवरची मुलगी पुढे केली आणि तिचं तोंड उघडून धरलं.