पऱ्हाटीचा रस्ता

संस्थानं देशात विलीन होत होती त्या दिवसांत बऱ्हाणपुरात इराण आणि ब्रह्मदेशचे मल्ल येणार होते. आखाडा तापीच्या वाळूत. मंडपासाठी व्यापाऱ्यांनी हात सैल सोडला, कारण मंडपावर नाव झळकतं. रस्त्यावर कुणाचं झळकणार? तिथं पैसा आटला. मग कुस्त्यांच्या कमिटीनं तिथल्याच काठावरच्या जसोंडी गावच्या कडूला बोलावलं. कडू सडकेवरचा मुकादम. "गाड्या-मोटारी वाळूतून कशा न्यायच्या, ते तूच बघ."

कडू गावोगाव फिरला. पैसा नको, पऱ्हाटी द्या, म्हणाला. कपाशीच्या वाळक्या काड्या वाळूवर दाट अंथरल्या की चाक रुतत नाही. सगळ्यांत जास्त पऱ्हाटी दापोऱ्याच्या सुकलालनं दिली. सुकलाल म्हणजे कडूचा व्याही. दोन वर्षं त्यानं सुनेला, कडूच्या विमलला, आखाजीच्या सणाला माहेरी धाडलं नव्हतं. "यंदा पाठवतो," तो म्हणाला. कडूचं निम्मं ओझं उतरलं.

तरी पऱ्हाटी एका गाडीच्या रुंदीपुरतीच पुरली. आठवडाभर माणसं वाकली, हात सोलले.

कुस्त्यांच्या दिवशी रस्त्याच्या तोंडाशी सुकलालची आणि जसोंडीच्या म्हाताऱ्या भाईदासची गाडी बरोबरच आली.

"व्हा पुढं, पाहुणे."

"छे, वडील तुम्ही."

"पऱ्हाटी तुमची, पहिलं चाक तुमचं."

"असं कसं, भाऊ? गाव तुमचं."

पुढं-मागं करता करता दोघांची चाकं एकमेकांत अडकली. मागं मल्लांची मोटार. ड्रायव्हर ओरडला, "क्यों भाई, बारात निकली है क्या?" कडूनं सगळं आखलं होतं. आधी कुणी जायचं, तेवढं ठरवायचं राहिलं होतं.

एक गाडी वाळूत उतरवणं भाग होतं. भाईदासचे बैल थकलेले, वाळूत बसले तर उठणार नाहीत. कडूनं सुकलालच्या बैलांची वेसण धरली आणि गाडी वाळूत ओढली.

"जग माझ्या पऱ्हाटीवरून जाणार," सुकलाल म्हणाला, "आणि माझेच बैल वाळूत?"

मोटार निघून गेली. कुस्त्या झाल्या.

पुढं कडूनं पऱ्हाटी उचलली. सुकलालचा वाटा जळणाला उपयोगी पडेल म्हणून स्वतः दापोऱ्याला नेऊन उतरवला. सुकलाल ओट्यावर बसून होता. शेवटचा भारा पडल्यावर म्हणाला, "आखाजीला विमलला इथं काम आहे."

विमलनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बाबा, हाताला काय झालं?"

"पऱ्हाटी टोचते."

पाणी पिऊन कडूनं बैल जुंपले.